बसचं वय

खारू सकाळी शाळेच्या वाटेवर आबांना विचारेल, "आबा, तुमचे बाबा तुमच्या आधीच मेले होते का?" आणि आबा नेहमीच्या आवाजात "हो" म्हणतील, एवढ्या एका काळजीपायी खारूच्या आईच्या डोळ्याला डोळा लागला नाही. काळजी लावणारा मी. मी आबांच्या पानावरचा जन्मतारखेचा रकाना बोलतोय.

दिसायला मी काही खास नाही. दोन बोटं लांब, अर्धं बोट उंच, चारी बाजूंनी फिकट रेघ. घराण्याची माहिती साठवायचा एक प्रोग्राम असतो. त्यात प्रत्येक माणसाला एक पान, आणि प्रत्येक पानावर नावाखाली मी. रिकामा असलो की माझ्या पोटात पुसट अक्षरं दिसतात: दिवस, महिना, वर्ष. माणसं मला भरतात, मी वजाबाकी करतो. माझं शिक्षण एवढंच.

मला घडवणारा एक प्रोग्रामर होता. थंड खोलीत बसायचा, अंगात स्वेटर, समोर निवलेला चहा. मी चालतो की नाही हे पाहायला त्यानं पहिली तारीख स्वतःच्या मुलाची घातली. महिना आठवेना. बायकोला फोन करून विचारून घेतला. ती पलीकडून काय बोलली ते मला कळलं नाही, पण नंतर तो बराच वेळ कळफलकातली धूळ फुंकत बसला होता.

त्यानं मला दोन गोष्टी शिकवल्या. कोणी नुसतं वर्ष दिलं, तर त्या वर्षाची एक जानेवारी धरायची. त्यामुळे माझ्या भावंडांच्या पोटात एक जानेवारीला जन्मलेली माणसं खच्चून भरलेली आहेत. जणू बाकीचं वर्षभर कोणाला जन्मायला सवडच नव्हती. दुसरी गोष्ट अशी, की हिशेब जुळेना झाला तर खूण करायची. शंका असेल तर पिवळी, अशक्य असेल तर लाल त्रिकोण.

वाईट वाटून घ्यायची सोय मात्र त्यानं माझ्यात ठेवली नाही. म्हणून पुढचं सांगताना माझा आवाज कापला नाही, तर रागावू नका.

या घराण्यात मला आणलं दादानं. दादा म्हणजे खारूच्या आईचा चुलतभाऊ, तिच्या चुलत आजोबांचा नातू. हौशी माणूस. सुट्टीत बसून त्यानं आपल्या बाजूची ऐंशी माणसं भरली, कोण कोणाचा कोण ते रेघांनी जोडलं, मग सुट्टी संपली आणि हौसही संपली. मी दोन वर्षं तसाच. रिकामं राहण्याचं मला दुःख नाही. आम्हा रकान्यांपैकी निम्मे रिकामेच मरतात.

मग घराण्यातल्या सगळ्या भावंडांचा मेळावा ठरला. दादानं फाइल खारूच्या आईकडे पाठवली आणि फोन केला.

"हे बघ, तुमच्या बाजूची माणसं तू भर. तू प्रुफं तपासतेस, तुझ्यासारखं बारीक काम आमच्यात कोणाला जमणार? भिंतीएवढा कागद छापून घेतोय."

ती घरी बसून पाठ्यपुस्तकांची प्रुफं तपासते, हे खरं आहे. जोडाक्षरातली चूक तिला पानाच्या दुसऱ्या टोकावरून दिसते. घरातली कुठलीच गोष्ट मात्र आपल्याकडून बरोबर होते आहे असं तिला वाटत नाही. खारूला ताप आला की आपण काल तिला थंड पाणी दिलं म्हणून. खारू गप्प असली की आपण ओरडलो म्हणून. खारू खूप बोलली की आपण तिला वळण लावलं नाही म्हणून. नवरा पाळीवर जातो, पाळीवरून येतो आणि "तू उगाच विचार करतेस" असं म्हणून झोपतो. त्यामुळे उरलेला विचारही तिलाच करावा लागतो.

तिनं आपल्या वडिलांचं, म्हणजे आबांचं पान उघडलं आणि माझी गाठ पडली.

आबांचा जन्म घरी झालेला. दवाखान्याची चिठ्ठी नाही, दाखला नाही. शाळेत मास्तरांनी अख्ख्या वर्गाला एकच जन्मतारीख वाटली होती, वर्ष पोराच्या उंचीवरून. ती तारीख कोण खरी धरणार? म्हणून तिनं जुन्या जनगणनेच्या कागदाची प्रत मिळवली. त्यावर घर होतं, घरात तिघं होती: आई, मुलगी, मुलगा. मुलाच्या पुढे वय लिहिलेलं: चार. मुलगा म्हणजे आबा.

मुलांचे वडील त्या कागदावर नव्हते. ते आधीच गेले होते. चुन्याच्या भट्टीवर कामाला होते आणि भट्टीची भिंत अंगावर आली. त्या मृत्यूची तारीख पक्की होती, कारण भट्टीच्या मालकाला ती सरकारात कळवावी लागली होती. माणसाचा जन्म कुठेही, कसाही उरकतो. असं मरण मात्र नोंदवावं लागतं.

तिनं मला जनगणनेचं वर्ष दिलं आणि वय दिलं, चार. मी वजाबाकी केली आणि लाल त्रिकोण लावला. त्रिकोणावर बोट नेलं की मजकूर येतो. मजकूर असा होता: "जन्म वडिलांच्या मृत्यूनंतर किमान दहा महिन्यांनी. कृपया तपासा."

ती स्वतःशीच पुटपुटली, "दहाच ना. खारू अकरा दिवस उशिरा आली होती."

मला ते पटलं असतं तर बरं झालं असतं. पण ते दहा महिने माझ्या आळशीपणाचे होते. तिनं नुसतं वर्ष दिलं होतं म्हणून मी एक जानेवारी धरली होती. जनगणना एक जानेवारीला नव्हती.

हे तिलाही कळत होतं. जनगणनेला एक ठरलेला दिवस असतो. त्या दिवशी जो जिवंत, तो मोजायचा, आणि वयही त्या दिवसाचं धरायचं. मोजणारा तुमच्या दारात आठवड्यानं येवो नाही तर महिन्यानं. तिनं तो ठरलेला दिवस शोधून काढला आणि मला दिला. दहाचे बारा झाले. मग कागदाच्या कोपऱ्यात मोजणाऱ्यानं घातलेली, तो प्रत्यक्ष दारात आला त्या दिवसाची तारीख देऊन पाहिली. बाराचे तेरा.

दहा ठेवलेले कोणाला कळले नसते. पुस्तकात छापलेली चूक आपल्याला एकटीलाच दिसली तर ती चूक असते की नसते, असा प्रश्न तिला कामात रोज पडतो, आणि ती रोज खूण करते. इथेही तिनं शेवटी ठरलेला दिवसच ठेवला. बारा.

आबा चष्मा शोधत आले ते याच वेळी.

तिनं संगणकाचा पडदा मिटायच्या आत त्यांनी वाकून वाचलं. सावकाश वाचलं. आबा काहीही वाचताना ओठ हलवतात, त्यामुळे कुठल्या शब्दापर्यंत पोहोचले ते तिला दिसत होतं.

"यंत्रालाही कळलं म्हणायचं," ते म्हणाले.

"आबा, हे काही नाही. मी तारीख चुकीची घातली असेल."

"तू कशाला चुकीची घालशील." त्यांनी चष्मा उचलला. "मटार आणलेत का? सोलून ठेवतो."

आणि खरोखरच ते मटार सोलायला बसले. काही बदललं नाही. जेवले, खारूला शाळेत सोडून आले, दोऱ्या बांधलेल्या चपलेला नवीन दोरी बांधली. तिला भीती वाटली ती यामुळेच. माणूस रडला तर पाणी देता येतं, चिडला तर बाजूला होता येतं. जो शेंगा सोलतो त्याचं काय करायचं?

त्यात खारूला नुकतंच वाचायला येऊ लागलेलं. सहा वर्षांची आहे, दुकानाच्या पाट्यांपासून औषधाच्या बाटलीपर्यंत सगळं मोठ्यानं वाचते. ती आईच्या खांद्यावरून डोकावली आणि तिनं मला मोठ्यानं वाचलं. "जन्म. वडिलांच्या. मृत्यू, नंतर. आई, आबांचे बाबा आबांच्या आधी मेले?"

"नंतर सांगते."

"नंतर म्हणजे कधी?"

"नंतर म्हणजे नंतर."

ही ती काळजी, जिनं तिला झोपू दिलं नाही.

सकाळी शाळेच्या वाटेवर खारूनं काय विचारलं ते मला माहीत नाही. मी रस्त्यावर जात नाही. आबा परत आले आणि त्यांनी पिशवी खुंटीला लावली, एवढं मला पडद्याच्या फटीतून दिसलं. तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे काही लिहिलेलं नव्हतं.

दुपारी दादाचा फोन.

"अगं, फाइल बघितली मी. सगळं छान. फक्त आबांच्या नावापुढे तो लाल त्रिकोण आलाय. तो तसाच छापला जातो म्हणे."

"हो."

"मग जन्मतारीख मोकळी सोड ना. प्रश्नचिन्ह येईल. प्रश्नचिन्ह बरं, त्रिकोणापेक्षा."

"का रे?"

"का म्हणजे... आता तुला काय सांगू. आमच्याकडे मागे बोलायचेच. आमचे आजोबा आबांना 'मागचा' म्हणायचे. म्हणजे तोंडावर नाही. आपलं घरात."

"मागचा म्हणजे?"

दादा घुटमळला. "मागून आलेला. तू मनावर घेऊ नकोस. मी तुझ्या भल्यासाठी सांगतोय."

तिनं फोन ठेवला. तिला राग यायला हवा होता. तो येईना. खूप वेळ पाण्यात राहिलेली बोटं सुरकुततात आणि त्यांना टोचलेलं कळत नाही, तसं काहीसं तिला झालं होतं. कळलं ते एवढंच, की आबांना हे आजच कळलेलं नाही. त्यांनी ही वजाबाकी माझ्या कितीतरी आधी, शाळेची तारीख घेऊन, बोटांवर करून ठेवली होती आणि साठ वर्षं मिठाची गुळणी धरली होती. मी फक्त त्रिकोण लावला.

मेळाव्याच्या कागदावर त्यांचं नाव हवं की नको, असं तिनं आबांना विचारलं.

"दादा काय म्हणतोय?"

"तारीख मोकळी सोड म्हणतोय."

"मग सोड."

"आणि तुम्ही याल ना मेळाव्याला?"

"खारूला घेऊन तुम्ही जा. मी घर बघतो."

घराला बघायला काय लागतं? दोन खोल्या, एक गॅलरी. तिनं आबांच्या मोठ्या बहिणीला, आपल्या आत्याला फोन लावला आणि सांगितलं, जुन्या कागदातली नावं लागत नाहीत, एकदा येऊन जा. अर्धं खरं होतं. आत्या त्या घरातली आबांखेरीज उरलेली एकच माणूस होती. जिला विचारायचं तीच एक, आणि तिला काय विचारायचं हेच सुचत नव्हतं. "आत्या, आबा कोणाचे?" असं भर दुपारी कोणी विचारतं का?

आत्या दुसऱ्या दिवशी आल्या. ऐंशीला टेकलेल्या, पायात कापडी बूट, हातात स्वतःची पाण्याची बाटली, कारण दुसऱ्याच्या घरचं पाणी त्यांना मचूळ लागतं. आल्या आल्या त्यांनी आबांना वरून खाली पाहिलं.

"बाळ्या, वाळलास रे."

"तुझा चष्मा बदल," आबा म्हणाले.

"माझा चष्मा नवीन आहे. तू जुना झालास." मग भाचीकडे वळून, "दाखव काय ते तुझं. मला चारला निघायचंय."

पडदा उघडला गेला. मी, आणि शेजारी जनगणनेच्या कागदाचं चित्र. आबा खुर्चीत, खारू जमिनीवर खडू घेऊन. आत्यांनी नाक पडद्याला लावलं. आधी आईचं नाव वाचलं, मान हलवली. मग स्वतःच्या नावावर थांबल्या.

"हे काय? मी अकरा?"

"तेव्हाचं वय आहे, आत्या."

"तेव्हाचंच म्हणते मी. तेव्हा मी अकरा कशी असेन? मी सातवीत होते. शाळेत नाटक होतं, मी राजा झाले होते, मिशी लावून. मी तेरा सरलेली." त्या खाली सरकल्या. "आणि हा चार? हा कसला चार? हा माझ्या पाठोपाठ शाळेत यायचा, स्वतःची पाटी स्वतः..." आणि त्या एकदम थांबल्या. मग हसू लागल्या. आवाज न करता, नुसते खांदे हलवत.

"काय झालं?"

"अगं बाई, हे बसचं वय."

त्यांनी बाटलीतलं पाणी प्यायलं आणि सांगितलं ते असं.

वडील गेल्यावर आई दूरच्या दवाखान्यात चादरी धुवायच्या कामाला लागली. घरी दोघांना कोणाकडे ठेवणार? सुट्टीच्या दिवशी दोघांनाही बसनं बरोबर न्यायची. पाचाच्या आतल्या मुलाला बसमध्ये तिकीट पडायचं नाही, आणि बाराच्या आतल्याला अर्धं पडायचं. म्हणून बसमध्ये मुलगी कायम अकराची आणि मुलाला कायम पाच व्हायचं असायचं.

"तीन वर्षं मी अकराचीच होते," आत्या म्हणाल्या. "गुडघे दुमडून बसायचं, असं. उंच दिसायचं नाही. आणि हा तर होताच चिमूटभर. ह्याचं कोणालाही खरं वाटायचं."

"पण आत्या, हा बसचा कागद नाही. जनगणनेचा आहे."

"तेच तर सांगतेय. तो मोजणारा आला. खांद्याला चामड्याची पिशवी, अशी तिरकी, अगदी बसवाल्यासारखी. कानावर पेन्सिल. आईनं दार उघडलं, त्यानं विचारलं, मुलांची वयं? झालं. आईच्या तोंडून निघालंच. मोठी अकरा, धाकट्याला अजून पाच व्हायचंय. मी मागे उभी होते. बोलून झाल्यावर तिनं जीभ चावली, ती मी बघितली."

"मग सांगायचं ना, चुकलं म्हणून."

"कोणाला? सरकारी माणसाला? खोड म्हणून? तिला वाटलं, आता हा बसवाल्यांना जाऊन कळवेल, की ही बाई इतकी वर्षं फसवतेय. त्या आठवड्यात आम्ही बसनं गेलोच नाही. चालत गेलो." त्या परत हसल्या. "आणि एकदा कमी केलेलं वय परत वाढवायला काही कारण लागतं की नाही? शाळेतही तेच गेलं. मास्तर म्हणाले, पोरगं लहानच दिसतंय."

खारूची आई ऐकत होती, पण तिचे डोळे माझ्याकडे नव्हते. आत्यांच्या पानावर माझं जे भावंड आहे, त्याच्याकडे होते. त्याच्या कोपऱ्यात पिवळी खूण होती. कधीपासून होती. आत्या दवाखान्यात जन्मलेल्या, त्यांच्या जन्माची चिठ्ठी आहे, तारीख पक्की आहे. ती पक्की तारीख आणि जनगणनेतलं वय यात दोन वर्षांचा फरक, असं ते पिवळं बापडं केव्हाचं सांगत होतं. तिनं ते पाहून सोडून दिलं होतं, कारण आत्यांच्या वयानं कोणाचं काही अडत नव्हतं. काखेत कळसा. जोडाक्षरातली चूक लांबून दिसणाऱ्या बाईला एवढी मोठी पिवळी खूण दिसली नाही, म्हणून तिनं स्वतःला मनातल्या मनात दोन शब्द सुनावले. मग हिशेब केला.

आत्यांची दोन वर्षं खरोखरच चोरलेली होती. चिठ्ठी होती त्याला. मग त्याच दारात, त्याच दमात सांगितलेलं दुसरं वय खरं कसं धरायचं?

"आत्या, आबा खरे किती वर्षांचे होते तेव्हा?"

"सहा सरून सातवं लागलं होतं. माझं तेरावं सरलं तेव्हा ह्याचं सहावं सरलं होतं, तोंडपाठ आहे मला. बाबा गेले तेव्हा हा पाळण्यात होता, रांगतही नव्हता. मी ह्याला उचलून बाहेर नेलं, आत गर्दी झाली म्हणून." त्यांनी आबांकडे पाहिलं. "तुला कोणी सांगितलं नाही?"

"नाही," आबा म्हणाले.

"तू विचारलंस कधी?"

"नाही."

"मग? मला वाटायचं, तू मुळातच घुमा."

आबांनी मांडीवरचे हात उलटे केले, परत सुलटे केले. "काका लोक म्हणायचे."

"काय म्हणायचे?"

"मागचा."

आत्यांना ते नवीन होतं. हे त्यांच्या तोंडावर दिसलं. त्या तोंड लपवणाऱ्यातल्या नाहीत. "काकांनी तुला पाहिलं कधी? आपण त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा तू शाळेत होतास. ते काय तुझी मोजणी करणार? आईच्या कानावर हे गेलं असतं ना, तर तिनं..." पुढे काय केलं असतं, ते त्यांना सुचलं नाही. "समोर कोणी बोललंच नाही तर ती खोडणार काय?"

खारूचा खडू जमिनीवर घासत होता.

"म्हणजे मी आता त्र्याहत्तरचा," आबा म्हणाले.

"हो. आणि नोकरी दोन वर्षं जास्त केलीस."

"गुडघ्यांना माहीत होतं," आबा म्हणाले. "तेच म्हणतो, गुडघे पुढे कसे गेले."

तिनं माझ्यावर टिचकी मारली. आधी होती ती तारीख पुसली. माझ्यात लिहिताना अलीकडे एक शब्द लावता येतो: सुमारे. तिनं तो लावला आणि पुढे वर्ष लिहिलं, नवं, दोन वर्षं मागचं. जनगणनेची तारीख तशीच ठेवली, वयही चारच ठेवलं, कारण कागदावर चारच होतं आणि कागदाला खोटं पाडायचा तिला हक्क नव्हता. फक्त शेजारच्या टिपेत लिहिलं: बसचं वय.

मी वजाबाकी केली. लाल त्रिकोण गेला. त्याच्या जागी पिवळी खूण आली, आत्यांच्या सारखीच.

"आबा, गेला बघा तो."

आबांनी ओठ हलवत वाचलं. "बरं," म्हणाले.

तिला वाटलं होतं, निदान सुटकेचा श्वास तरी ऐकू येईल. तो नाही आला. साठ वर्षं एका बाजूला वाकलेलं झाड दोरी सोडली म्हणून सरळ होत नाही. ते तसंच उभं राहतं, दोरीशिवाय.

"दादाला पाठवू?"

"पाठव."

"आणि मेळाव्याला?"

आबा विचार करत होते की नुसते बसले होते, कळायला मार्ग नव्हता. "बघू," म्हणाले. काल "घर बघतो" होतं, आज "बघू" झालं. एवढ्या फरकावर ती खूश व्हायला तयार होती. मी असतो तर झालो नसतो. पण मला तशी सोय नाही हे आधीच सांगितलं आहे.

तर आता मी असा आहे. पोटात एक 'सुमारे', कोपऱ्यात पिवळी खूण. लवकरच भिंतीएवढ्या कागदावर छापला जाईन. मग बहुतेक वर्षानुवर्षं कोणी मला उघडणार नाही. चालेल.

जाता जाता एकच मागणं आहे. मला वय देताना ते कोणाला सांगितलेलं वय आहे, तेही लिहा. शाळेला सांगितलेलं, डॉक्टरला सांगितलेलं, सोयरिकीत सांगितलेलं, बसवाल्याला सांगितलेलं. ही सगळी वयं एकाच माणसाची असतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत. मला यातलं काही कळत नाही. तुम्ही जे द्याल त्यातून मी वजा करतो. त्या वजाबाकीत एखाद्याचा बाप निघून जातो, हे मला कोणी शिकवलेलं नाही.

आत्या निघायच्या तयारीत बूट चढवू लागल्या. पडदा अजून उघडा होता. वाकल्या वाकल्या त्यांना काहीतरी आठवलं.

"तू झालास ना, त्या दिवशी बाबा भट्टीवरून तसेच आले. मी सांगत सुटले होते, भाऊ झाला, भाऊ झाला. आई म्हणाली, घ्या. त्यांनी नाही घेतलं."

आबांनी वर पाहिलं.

"दारातच उभे राहिले. म्हणाले, माझे हात चुन्याचे आहेत, पोराला भाजेल."

खारूच्या आईला वाटलं, आता आपण काहीतरी बोलायला हवं, आणि आपण जे बोलू ते चुकीचं असेल.

"मग धुतले का?" आबांनी विचारलं.

"काय?"

"हात."

आत्यांनी बुटाचा बंद ओढला. "धुतले असतील. मला नाही आठवत, बाळ्या. मी सातची होते."

आबा मान हलवत राहिले. पुन्हा म्हणाले, आत्यांना नाही, कोणालाच नाही, "हात धुतले का?"

आता खारू विचारणार, आईच्या मनात आलं. आबांचे बाबा, मेले, आधी, नंतर, चुना, सगळं एकदम विचारणार. खारू खडू टाकून उठली, आबांच्या गुडघ्याशी आली आणि तिनं दोन्ही तळवे त्यांच्या नाकासमोर धरले.

"सकाळीच धुतलेत. आता फक्त खडू लागलाय. वास घ्या हवं तर."